स्वतःचे विमान, स्वतःचा संयम



अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५००० विमानतळ आहेत. नियमित प्रवासी विमाने मात्र त्यांपैकी सुमारे ५०० ठिकाणीच उतरतात. ज्याचा कारखाना उरलेल्यांपैकी एखाद्या गावी आहे, तो उद्योजक टर्बोप्रॉप विमान घेतो. यातील टर्बाइन पंखा फिरवते. त्यामुळे आखूड धावपट्टी पुरते व जवळच्या पल्ल्यास जेटपेक्षा इंधन कमी लागते. १९९१ साली प्रथम उडालेले स्वित्झर्लंडचे पिलाटस पीसी-१२ नऊ प्रवासी नेऊ शकते आणि एकटा वैमानिक ते चालवू शकतो. खरेदीनंतर विमा, हँगर, इंजिनाची देखभाल व नित्याचे प्रशिक्षण हा खर्च चालूच राहतो.

तथापि खरी कसोटी पैशाची नव्हे. विमान कंपनीच्या वैमानिकाला पलीकडे कोणाशी करार करावयाचा नसतो. येथे वैमानिक तोच, मालक तोच आणि बैठकीची घाई झालेला व्यापारीही तोच. हवामान बिघडले असता त्याला ‘नाही’ कोणी म्हणावे? म्हणून सुज्ञ मालक ढगांच्या व वाऱ्याच्या आपल्या मर्यादा शांत चित्ताने आधीच लिहून ठेवतो आणि मुक्काम लांबवण्याची तयारी ठेवूनच निघतो. करार उद्याही होऊ शकतो. ज्याला अडवणारे कोणी नाही, त्याने स्वतःला अडवावयास शिकले पाहिजे.