सीतेची वेणी आणि तिच्या बहिणी

वैशाख सरत येतो, वळवाच्या सरी पडूं लागतात, आणि सह्याद्रींतील आंब्या-जांभळांच्या फांद्यांवरून गुलाबी फुलांचे घोस लोंबूं लागतात. बरोबरचा वाटाड्या सांगतो, "ही सीतेची वेणी." पुढच्या गांवीं निराळ्याच घोसाला तेंच नांव मिळतें, कोणी त्याला द्रौपदीची वेणी म्हणतो. या नांवांआड निदान तीन वनस्पती आहेत. तिन्ही आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळांतल्या. झाडावरून न उपटतां त्या कशा ओळखाव्या, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम, रंगावर विसंबूं नये. पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके तिघींपैकीं एकीहून अधिक जणींच्या फुलांवर आढळतात. आधीं घोसाची घडण पाहावी. खरी सीतेची वेणी, शास्त्रीय नांव ऱ्हिंकोस्टायलिस रेटूसा, हिचा दांडा एकेरी असतो; त्याला फांटे नाहींत. सभोंवार फुलें इतकीं खेटून असतात कीं दांडा दिसूंच नये. आसामांत हेंच फूल रंगाली बिहूच्या नाचांत तरुणी केसांत माळतात, आणि तें त्या राज्याचें पुष्प आहे. उरलेल्या दोघी एअरिडीस वंशाच्या. त्यांचे घोस विरळ. फुलांमधून दांडा दिसतो, आणि पुष्कळदां त्याला फांटेही असतात.

पण न फांटलेला घोस फसवतो. तेव्हां फुलाचा ओठ पाहावा. आमरीच्या फुलांत एक पाकळी इतरांहून वेगळ्या घडणीची असते. तिला ओठ म्हणतात. सीतेच्या वेणीचा ओठ अखंड असून त्याच्या बुडाशीं चपटी पिशवी असते. एअरिडीसचा ओठ तीन भागांचा, मधला भाग मोठा.

आतां या दोघी बहिणी. एअरिडीस मॅक्युलोसा, म्हणजे ठिपकेवाली, हिच्या ओठाचा मधला भाग रुंद व बहुधा सरळ कांठाचा. एअरिडीस क्रिस्पा, म्हणजे कुरळी, हिच्या ओठाचा कांठ दातेरी व चुरगळल्यासारखा, खालीं शिंगासारखी वळलेली नळी. फुलें थोराड आणि खोडावर जांभळट छटा. फुलेंच नसतील, तर नुसत्या पट्ट्यांसारख्या पानांवरून घाईनें निर्णय करूं नये. पुढच्या वैशाखाची वाट पाहावी.

ही ओळख केवळ हौसेची नव्हे. पुष्कळ बागाईतदार या वनस्पतींस बांडगूळ समजून आंब्यावरून खरवडून काढतात. बांडगूळ फांदीच्या आंत शिरून झाडाचा रस शोषतें. आमरीचीं मुळें सालीला केवळ धरून राहतात आणि हवेंतील व पावसाचें पाणी टिपून घेतात. आंब्याचें त्यांत कांहींच जात नाहीं. उलट आमरीचें बीं धुळीसारखें बारीक, त्यांत अन्नाचा सांठा नाहीं. विशिष्ट बुरशीची मदत मिळाली तरच तें रुजतें, आणि रोपाला फुलावयास वर्षें लागतात. म्हणजे एका सकाळीं कोयत्यानें खरवडलेलें पुन्हां त्या फांदीवर दिसेलच असें नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, या वैशाखांत कोठें असा घोस दिसला तर हात पुढें करूं नका. दांडा पाहा, ओठ पाहा, कांठ पाहा. आणि शेजारचा बागाईतदार कोयता घेऊन आला, तर त्याला एवढेंच सांगा कीं हें बांडगूळ नव्हे.