एक कोयता म्हणजे किती माणसं?

दसरा झाला की आमच्या वडवणी भागात एक चौकशी हमखास कानावर येते, "औंदा तुमच्या गावातून किती कोयते निघाले?" परगावच्या माणसाला वाटेल, लोहाराच्या दुकानाचा हिशेब चाललाय. पण इथं कोयता म्हणजे हत्यार नव्हे. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटाच गडी निघाला तर तो अर्धा कोयता!

शब्द मूळचा दक्षिणेकडचा दिसतो. कन्नडात 'कोय्' म्हणजे कापणं, खुडणं. अलीकडे, 2023च्या सुमारास, पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' गाजली आणि हाच शब्द दहशतीचा झाला. आमच्याकडं मात्र तो ऐकला की आठवतं ते कुलूप लावलेलं घर आणि आजीपाशी ठेवलेली लेकरं.

वस्तूवरून माणसं मोजायची रीत जुनीच आहे. गाव किती उंबऱ्यांचं, असं आपण विचारतोच. इंग्रजीतही खलाशाला नि कारखान्यातल्या कामगाराला 'हँड' म्हणजे हात म्हणतात. पण तिथं निदान एका माणसाला एक हात धरतात. आमच्या कोयत्यात चार हात असून मोजणी एकाचीच.

इथंच खरी अडचण आहे. ऊस तोडायला दोघं, मोळ्या बांधायला नि गाडी भरायला दोघं. पहाटेच्या भाकरी मात्र तिच्या एकटीच्या. मुकादमाकडून उचल घेतो तो बहुधा नवरा. पैसा त्याच्या हाती, फेड दोघांच्या अंगावर. ती आजारी पडून घरी राहिली तर 'खाडा' पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा या 'खाड्या'ची धास्ती राज्याला कळली.

सरकारनं 2021 साली ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. माझं सांगणं एवढंच, की नोंदणीच्या वेळी घरातल्या बाईचं नाव वेगळं लिहून घ्या, तिचं ओळखपत्र वेगळं मागा. बोलताना खुशाल कोयता म्हणा, शब्द आपलाच आहे. कागदावर मात्र माणसं दोन दिसली पाहिजेत.