कुठून आलात?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



भाषण करायची मला सवय नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर संगणकाशी बोलते आणि तो समोर बसून जांभया देत नाही. संयोजकांनी फोन केला, "शाळेची एक आठवण सांग, दहा मिनिटांत संपव." मी आपली नववीतली एस्सेल वर्ल्डची सहल निवडली. कारण सोपं आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या शुभेच्छांनाही मिळाली नाहीत इतकी उत्तरं त्या सहलीच्या एका धूसर फोटोला मिळाली. त्या रोलर कोस्टरच्या नावावरून तर तीन दिवस भांडण चाललं. कोणी झिपर डिपर म्हणालं, कोणी हूला लूप. शेवटी सरांनीच लिहिलं, "नाव काही असो, उतरल्यावर ओकलेले चौघे माझ्या पक्के लक्षात आहेत." ते चौघेही आज इथे आहेत. मी नावं घेत नाही.

तो काळ आठवा. १९९३ चा डिसेंबर. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे जेमतेम चार वर्षांचं. त्याची जाहिरात टीव्हीवर लागायची आणि तिचं गाणं आपण शाळेच्या प्रार्थनेपेक्षा जास्त सुरात म्हणायचो. घरोघरी मात्र भीती होती. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. "मुंबईला पोरं कशाला न्यायची, त्र्यंबकेश्वर काय वाईट आहे?" असं माझ्या आजीने सरांना तोंडावर विचारलं होतं. सर घरोघर फिरले, पालकांशी बोलले आणि एसटीकडून प्रासंगिक करारावर दोन लाल गाड्या ठरवून आले.

पहाटे चारला जव्हारहून निघालो. विक्रमगड, मनोर, मग हायवे. घाट उतरतानाच निम्मा वर्ग मागच्या बाकावर जायला भांडत होता. एसटीचा मागचा बाक कसा उडवतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मार्वेच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा खारं पाणी पाहिलं. फेरीबोटीत चढताना कोणीतरी विचारलं, "सर, हा समुद्र एवढाच?" सर म्हणाले, "ही खाडी आहे रे, समुद्र पुढे आहे."

आणि मग ती रांग. मला आज त्या रांगेबद्दलच बोलायचं आहे.

माझ्यापुढे आपल्याच वर्गातली एक मुलगी उभी होती. मोखाड्याकडची, वसतिगृहात राहून शिकणारी. मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांग, पण नाव घेऊ नको." ती आज या सभागृहात बसलेली आहे. सकाळी बोटीत तिने नागलीची भाकरी आणि लसणीची चटणी काढली होती, आणि माझ्या पुरीभाजीपेक्षा तिच्याच डब्यावर सगळ्यांनी हात मारला होता.

आमच्या मागे मुंबईतल्या कुठल्याशा शाळेच्या मुली होत्या. पांढरे बूट, केसांना एकसारख्या रिबिनी. त्यातल्या एकीने सहज विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

मी म्हटलं, "ठाणे."

हे खोटं नव्हतं. जव्हार आणि मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पण आपल्यापैकी कोणी कधी "मी ठाण्याची" असं सांगत होतं का? मी ते का म्हटलं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, आपल्या तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली. शंभराहून जास्त. तोवर जव्हारचं नाव पेपरात फारसं येत नसे. त्यानंतर आलं ते तेवढ्यासाठीच. मोठमोठ्या गाड्यांमधून माणसं यायची, फोटो काढून जायची. मामाकडे मुंबईला गेले की शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमच्याकडे खायला मिळत नाही का गं?" मी चौदा वर्षांची होते. त्या दिवशी, त्या रंगीत दिव्यांच्या रांगेत, मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

माझी मैत्रीण मागे वळली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या मुलीला म्हणाली, "जव्हार-मोखाडा."

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे ते पेपरात आलं होतं तेच?"

"हो, तेच."

एवढंच. पुढे कोणीच काही बोललं नाही. आमचा नंबर आला आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. दांडा खाली आला. गाडी चढावर लागली आणि तो आवाज सुरू झाला, टक टक टक टक. माझे हात घामाने ओले झाले होते. तिने माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "घाबरू नको गं, एसटीच्या मागच्या बाकावर बसलीयस असं समज." मग आम्ही पडलो. दोन मिनिटांत सगळं संपलं. मी इतकी ओरडले होते की संध्याकाळपर्यंत आवाज बसला. ती मात्र एकदाही ओरडली नाही. उतरल्यावर म्हणाली, "तोरंगणच्या घाटात याहून जास्त होतं."

पुढे मी इंजिनिअरिंगला गेले. तिथे कळलं की तो टक टक आवाज भीती वाढवायला केलेला नसतो. चढावर रुळाच्या मधोमध दात्यांची पट्टी असते आणि गाडीखाली एक खटका असतो. गाडी वर जाते तसा तो एकेका दात्यावर पडत जातो. ओढणारी साखळी तुटलीच, तर खटका अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. एसटीचा ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो तेव्हा जो टर्रर आवाज येतो, तो याच घराण्यातला. म्हणजे ज्या आवाजाने माझे पाय लटपटत होते, तोच आवाज मला सांगत होता की तू सुरक्षित आहेस.

आणखी एक गोष्ट कळली. साध्या रोलर कोस्टरला इंजिन नसतं. साखळी एकदाच वर नेऊन सोडते, पुढचं सगळं त्या उंचीच्या जिवावर. त्यामुळे पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा बुटकी ठेवावी लागते, कारण वाटेत चाकांचं आणि हवेचं घर्षण थोडं थोडं खात जातं. गाडी रूळ सोडून उडू नये म्हणून चाकंही तीन बाजूंनी असतात, रुळावर, रुळाच्या बाजूला आणि रुळाखाली. आणि जिथे एकाहून जास्त गाड्या धावतात तिथे मार्गाचे टप्पे पाडलेले असतात. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही. मी आज ऑफिसात जे प्रोग्रॅम लिहिते त्यांत हेच तत्त्व असतं. एका वेळी एकालाच आत जाऊ द्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं. नव्या मुलांना ते शिकवताना मी दर वेळी रोलर कोस्टरचंच उदाहरण देते. मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही कुठे बसला होतात?" मी सांगते, "गोराईला." ती दुसरा प्रश्न विचारत नाहीत, म्हणून बरं.

कारण तो दुसरा प्रश्न मी पुढेही चुकवत राहिले. कॉलेजच्या होस्टेलमध्ये "ठाणे". पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत "ठाणे". लग्न ठरताना सासरच्या दूरच्या नातेवाइकांनासुद्धा "ठाणे जिल्हा" आणि लगेच विषय बदल. मग १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि सरकारने माझं ते उत्तर काढून घेतलं! तुम्ही हसता आहात, पण त्या दिवशी ऑफिसात बातमी वाचताना मला खरंच पकडल्यासारखं झालं होतं.

एस्सेल वर्ल्ड आता बंद आहे. करोनाच्या टाळेबंदीनंतर थोडे दिवस सुरू झालं आणि पुन्हा बंद झालं. ही बातमी ग्रुपवर आली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी रडके चेहरे टाकले. मलाही वाईट वाटलं, पण माझं कारण थोडं वेगळं होतं. मनात कुठेतरी मी ठरवून ठेवलं होतं की एकदा माझ्या मुलीला घेऊन तिथे जाईन, त्याच रांगेत उभी राहीन, आणि कोणी विचारलं तर नीट उत्तर देईन. आता ती रांगच उरली नाही. परत जाऊन दुरुस्त करायची सोय गेली. प्रोग्रॅममधली जुनी चूक तीस वर्षांनीही सुधारता येते. याबाबतीत ते जमणार नाही.

मग गेल्या पावसाळ्यानंतर तिचा फोन आला. ती मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणाली, "मुलांना मोबाइलवर रोलर कोस्टरचा व्हिडिओ दाखवला. आता विचारतात, इंजिन नाही तर चढते कशी? तू इंजिनिअर ना, ये आणि सांग." मी दोन दिवसांची रजा टाकून गेले.

शाळेमागे उतार आहे. मुलांनी बांबू उभे चिरले, आतली पेरं तासली आणि उतारावर मांडून गोटी सोडली. जिथे दोन बांबू कोनात जोडले होते तिथे गोटी टुणकन उडून बाहेर. चार वेळा तेच झालं. मग सहावीतला एक मुलगा पाण्याचा जुना काळा पाइप घेऊन आला, म्हणाला, "हा चिरा, हा वाकतो." पाइप वळणदार बसवला आणि गोटी न उडता गेली. रोलर कोस्टरचे रूळ कुठेही एकदम का मोडत नाहीत, हळूहळू का वळतात, हे मला सांगावंच लागलं नाही. मग त्यांनी दुसरी टेकडी पहिलीएवढी उंच केली. गोटी अर्ध्यातून मागे आली. बोटभर कमी केली, तरी मागे आली. आणखी थोडी कमी केली आणि गोटी पलीकडे गेली. तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो मी गोराईतच ऐकला होता, त्यानंतर नाही.

घाम पुसत बसलो होतो, तेव्हा एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठच्या?"

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. आम्ही दोघींनी त्या रांगेबद्दल इतक्या वर्षांत एक शब्द काढला नव्हता.

मी म्हटलं, "जव्हारची."

ती मुलगी म्हणाली, "मग जवळच्याच की!" आणि गोटी शोधायला पळाली.

त्या रात्री मी मैत्रिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "मला आठवतसुद्धा नाही." तिला सगळं आठवतं. खोटं बोलायची पाळी या वेळी तिची होती, आणि तिने ते माझ्यासाठी केलं. म्हणून आज तुम्हा सर्वांसमोर पुन्हा एकदा सांगते, माझं चुकलं होतं. लाज वाटायला हवी होती ती मुलांना मरू देणाऱ्या कारभाराची. मी मात्र गावाची वाटून घेतली.

एक शेवटचं. त्या सहलीची वर्गणी आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी जड होती. तरी आपला अख्खा वर्ग गेला. कोणाची वर्गणी आली नाही, हे सरांनी वर्गात कधी वाचून दाखवलं नाही. उरलेले पैसे कुठून आले, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही आणि आजही सांगणार नाहीत, कारण मी मघाशी विचारून पाहिलं! त्यांनी आपल्याला त्या पहिल्या चढावर नेऊन सोडलं. पुढे आपण आपापल्या वेगाने आलो.

माझी विनंती आहे की या मेळाव्यातून जो निधी उरेल त्यातून शाळेत सहलीचा एक कायमचा फंड करू या. दरवर्षी आठवी-नववीची एक सहल. कुठेही जावी, नेहरू विज्ञान केंद्रात जावी नाहीतर समुद्रावर जावी. अट एकच, न आलेल्या वर्गणीची यादी वर्गात वाचली जाणार नाही. माझा हिस्सा मी आजच संयोजकांकडे दिला आहे.

आणि त्या मुलांना कुठल्याही रांगेत कोणी विचारलं, "कुठून आलात?", तर काय सांगायचं, हे त्यांना आपल्याकडून शिकायची गरज पडणार नाही, असं मला मोखाड्याच्या त्या उतारावर बसून वाटलं. पण आपल्याला अजून सराव हवा आहे. म्हणून जेवायला जाताना एकमेकांना विचारा. मोठ्याने सांगा.