कडेचं गवत आणि आपली दूर्वा
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत पहाटे फिरायला निघालं की आपल्या इंदूरमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. हातात छोटी पिशवी घेऊन कुणी आजी, कुणी काका रस्त्याच्या कडेला वाकून दूर्वा खुडत असतात. एकवीसची जुडी बाजारात मिळते, पण स्वतः खुडलेल्या दूर्वांचं समाधान वेगळंच. आम्ही मात्र ते पाहून दचकतो. त्या कडेचं गवत काढण्याचं काम आम्हा रस्त्यावरच्या मंडळींकडे असतं, आणि तिथे चार दिवसांपूर्वी काय फवारलं होतं ते आम्हाला ठाऊक असतं.

आम्ही डिप्लोमावाले. खडी, डांबर, काँक्रीट, लेव्हल हे सगळं शिकलो. गवत कुणी शिकवलं नाही. आमच्या लेखी ते अंदाजपत्रकातलं एक कलम, चौरस मीटरनं मोजायचं. काम झाल्यावर फोटो लावायचा. फोटोत जमीन जितकी बोडकी, तितकं बिल निर्विघ्न पास. (विघ्नहर्त्याच्या मांडवात हे बोलतोय, क्षमा असावी.)

एका वर्षी जुलैत तक्रारी फार आल्या. सापाची भीती, डास, लोकांनी टाकलेला कचरा. आम्ही जेसीबी लावला आणि कडेची पट्टी खरवडून लख्ख केली. सगळे खूश. गणपती बसेपर्यंत तीच पट्टी कमरेइतक्या गाजर गवतानं पांढरी झाली होती. विजेच्या पेटीमागे यंत्राचा हात पोहोचला नव्हता, तिथे जुनी हरळी तशीच राहिली होती आणि तिच्यात गाजर गवताची चार-दोन रोपंच. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, चटक चांदणी किंवा इथल्या भाषेत गाजर घास, हे मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५-५६च्या सुमारास पुण्याकडे त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. एका झाडाला दहा हजारांहून अधिक बिया धरू शकतात. बी उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फूल. त्याला हवी उघडी, हलवलेली माती, आणि ती आम्ही जेसीबीनं आयती करून दिली होती. हरळी जमीन झाकून ठेवते, पावसात कडेची माती धरून ठेवते. शेतकरी तिला शिव्या घालतो, त्याचं शेतात बरोबर आहे. पण रस्त्याच्या कडेला तिच्याइतका स्वस्त बंदोबस्त नाही. आणि ही हरळी म्हणजेच आपली दूर्वा.

खरवडूच नये असंही आम्ही म्हणत नाही. गवतात धूळ अडकते, साइडपट्टी वर्षावर्षाला चढते आणि डांबरापेक्षा उंच होते. मग पाणी उतरायला वाट राहत नाही, ते डांबराच्या कडेला साचतं. खाली माळव्याची काळी माती. ती फुगते, आकसते आणि कड तुटते. तेव्हा पट्टी खाली घ्यावीच लागते. पण ती पावसाच्या तोंडावर घ्यावी, आणि निघालेल्या हरळीच्या मुळ्या तिथेच परत दाबून टाकाव्या. पहिल्या दोन-तीन पावसांत ती पकडते. भर पावसाळ्यात खरवडणं म्हणजे गाजर गवताला आमंत्रण.

आता फवारणीचं. ग्लायफोसेट हे तणनाशक केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२मध्ये फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांकडूनच वापरावं असा निर्बंध घातला. तरी रस्त्याच्या कडेला काय मारलं जातं, कोण मारतं, यावर लक्ष राहत नाही. त्यातला खरा धोका असा की फवारल्यावर गवत लगेच वाळत नाही. पिवळं पडायला आठवडाभर लागू शकतो. तोवर दूर्वा हिरवीगार दिसते, कोवळी दिसते. पाटी कुणी लावत नाही. आम्हीही लावली नव्हती. कुणी ती दूर्वा देवाला वाहतं, कुणी तिचा रस काढून पितं.

हातानं उपटणं हा उत्तम उपाय, पण तोही कुणाच्या तरी हातांवर पडतो. आमच्या टोळीतली एक बाई हातमोज्यांशिवाय वर्षानुवर्षं गाजर गवत उपटत होती. हात, मान, पापण्या सुजल्या, कातडी फुटली, शेवटी तिनं काम सोडलं. वीस-तीस रुपयांचे मोजे आमच्या कलमात बसत नव्हते. आता आम्ही ते वर्गणी काढून आणतो. फुलोऱ्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना उपटलं तर मुळासकट येतं. नुसतं कापलं तर बुडातून परत फुटतं. जबलपूरचं तण संशोधन निदेशालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह पाळतं, ती वेळ अगदी नेमकी आहे. मोकळ्या पट्टीवर टाकळ्याचं बी पावसाआधी फेकलं तर टाकळा गाजर गवताला दाबतो, असा अनुभव पुष्कळांचा आहे. शिवाय भाजीही होते, पण रस्त्याकडेची खाऊ नका.

आपल्याकडे मागणं एवढंच. ‘गवत वाढलंय, साफ करा’ अशी तक्रार आली की आमच्याकडे जेसीबीच निघतो. त्याऐवजी ‘अमुक कोपऱ्यावर गाजर गवत आहे, उपटून घ्या, हरळी राहू द्या’ असं लिहा. कोपऱ्यावर दिसायला अडचण होत असेल तर तेवढंच कापायला सांगा. आणि घरासमोर भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक मागू नका. ब्लॉकच्या फटीतून तण येतंच, आतलं झाड मात्र तहानतं.

पत्रीतला आघाडा, माका, धोत्रा, रुई हे सगळं याच कडेला उगवतं. यंदा दूर्वा आणि पत्री रस्त्याकडेची घेऊ नये. मंडळाच्या आवारात टाकीमागे हरळीचा चांगला पट्टा आहे, तिथे कुणी काही फवारलेलं नाही. चतुर्थीला पहाटे साडेपाचपासून फाटक उघडं राहील. कात्री न आणता हातानं शेंडे खुडावेत, म्हणजे दहा दिवस सगळ्यांना पुरतील.