दुखणाइताच्या मनाचे पथ्य
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मरोदा येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात आम्ही दुखण्याचा विषय काढावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पोलाद कारखान्याच्या आश्रयाने वसलेल्या या वसाहतीत हा विषय परका नाही. कामावर, रस्त्यावर, नाहीतर घरच्या न्हाणीत घसरून हाड मोडण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर कधी ना कधी येतो. मोडलेल्या हाडाची काळजी डॉक्टर घेतात. त्याबरोबर जे मन खचते, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. त्या मनाविषयी चार शब्द बोलावेत, असे आम्ही योजिले आहे.

अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात माणूस धीराचा असतो. भेटावयास येणारे पुष्कळ असतात, आणि वेदनेपुढे अन्य विचारांस जागाही नसते. खरी कसोटी पुढे लागते. वेदना ओसरते, भेटणारे आपापल्या उद्योगास लागतात, आणि खाटेवरचा माणूस छताकडे पाहत उरतो. चहा गार झाला एवढ्याने संताप येतो. पाळीवरून परतणाऱ्या शेजाऱ्याच्या पावलांचा आवाजही सलतो. घरच्यांना वाटते, यांचा स्वभावच बदलला. वस्तुतः काल आपल्यावाचून ज्यांचे अडत होते, त्यांचे आज अडत नाही, ही बोच त्या संतापाच्या मुळाशी असते. नडगीचे हाड मोडून आम्ही घरी पडलो होतो, तेव्हा कचेरीतील टपाल आमच्यावाचूनही वेळेवर निघते, असे एका सहकाऱ्याने मोठ्या आपुलकीने कळविले. त्या वार्तेने पायापेक्षा अधिक ठणका दिला!

या वैफल्याचे दुसरे कारण म्हणजे घाई. मोडलेल्या हाडाभोवती प्रथम रक्त साकळते. पुढे काही आठवड्यांत तेथे मऊ सांधणी तयार होते, ती हळूहळू कठीण होते, आणि हाडाला मूळचा आकार येण्याचे काम तर कित्येक महिने चालू राहते. प्रौढ माणसाच्या नडगीचे हाड जुळण्यास तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक झालेला दिसतो, कारण न वापरलेले स्नायू झिजतात. हे आधी ठाऊक नसले की तो पाय पाहून माणसाचा धीर सुटतो. म्हणून किती काळ लागेल आणि मध्ये काय काय होईल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

येथल्या श्रोत्यांना रुळांचे शास्त्र आम्ही सांगावे असे नाही. पोलादातील वायू निर्वात पद्धतीने काढून टाकण्याची सोय होण्यापूर्वी रूळ मुद्दाम सावकाश थंड करावे लागत. घाईने थंड केलेल्या रुळात हायड्रोजन अडकून राहून आत बारीक तडे पडण्याचे भय असे. लोखंडालाही जी सवलत आपण देतो, ती स्वतःच्या शरीराला देण्यास मात्र आपण राजी नसतो.

तथापि केवळ वाट पाहणे म्हणजे धीर नव्हे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्धाचा आखाडा कायमचा अंतरला. पुन्हा मुष्टियोद्धा होईन तेव्हाच जगेन, असा हट्ट त्यांनी धरला असता तर ते नाव आज आपल्या कानी आले नसते. पेटकर पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. 'पद्मश्री' मिळण्यास पुढे २०१८ साल उजाडले. पूर्वीचे शरीर परत येण्याची वाट न पाहता उरलेल्या शरीराशी त्यांनी नवा करार केला, हे आम्हांस पदकाहून मोठे वाटते.

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्या काळातील निराशा त्यांनी 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात लपविलेली नाही. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना उभारी दिली. पुढे त्यांनी केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापून असंख्य अपंगांना शिक्षणाची व रोजगाराची वाट दाखविली. शंभर हितचिंतकांच्या उपदेशाने जे होत नाही, ते त्याच वाटेने गेलेल्या एका माणसाच्या सहवासाने होते.

यातून आपण काय घ्यावे? दुखणाइताने 'पूर्ववत केव्हा होईन' हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवावा आणि स्वतःला 'आज काय करता येईल' एवढेच विचारावे. काल पाच पावले चाललो, आज सहा, अशी नोंद वहीत ठेवावी. घरच्यांनी त्याचे सर्वच काम आपल्या अंगावर घेऊ नये. बसल्या जागी भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे, हिशेब लिहिणे ही कामे त्याची त्यालाच करू द्यावीत. त्याचा राग आला तरी त्याच्या बाजूस बसून राहावे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी आली, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. मनोविकारतज्ज्ञाकडे तत्काळ न्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता मंडळाविषयी. गावाकडे हाड मोडले तर आत्या, मावशी, चुलते पाळीपाळीने उशाशी बसतात. येथे आपली आत्या विदर्भात आणि मामा कोकणात. ती उणीव भरून काढण्यासाठीच आपल्या वडीलधाऱ्यांनी मंडळ काढले, असे आम्ही समजतो. गणेशोत्सव आणि नाटके व्हावीतच. त्यांच्या जोडीला, घरी पडून असलेल्या सभासदाकडे आठवड्यातून एकदा कोणी जावे, असा पायंडा या महोत्सवी वर्षात पडावा. जाताना 'आमच्या मेहुण्याचे दुखणे तर वर्षभर चालले' ही कथा घरी ठेवून जावे, आणि सोबत काही काम न्यावे. वर्गणीची यादी तपासावयास द्यावी, स्मरणिकेची मुद्रिते वाचावयास द्यावीत. 'आपल्यावाचून अडले आहे' हे वाक्य अशा माणसाला औषधाइतके लागू पडते. खोटे बोलावयाचीही गरज नाही, कारण मंडळाचे काम नेहमीच अडलेले असते!