भोंडल्याच्या रिंगणाबाहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'कॉलेजातील लोकपरंपरा' हा विषय कळताच आपल्यापैकीच एक भगिनी मला म्हणाल्या, "अहो, लोकसाहित्य म्हणजे जात्यावरच्या ओव्या. कॉलेजात कुठले आले जाते?" त्यांचे म्हणणे मला मुळीच लागले नाही. बरीच वर्षे मीही तसेच समजत होते.

मी एका महिला महाविद्यालयात मराठी शिकवीत होते आणि वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडे होती. वर्गात दुर्गाबाई भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' या १९५६ सालच्या ग्रंथाविषयी बोलावे आणि सुट्टी लागली की वही घेऊन खेड्यापाड्यांतल्या आजीबाईंकडे गाणी उतरवून घ्यायला जावे, असा माझा क्रम. 'लोक' म्हणजे दूर कुठे तरी राहणारी माणसे, हे मनात पक्के होते. पुढे अ‍ॅलन डंडेस या अमेरिकन अभ्यासकाचे विचार वाचनात आले. ज्यांच्यात एखादी तरी गोष्ट समान आहे असा कोणताही समूह म्हणजे 'लोक'च, असे त्यांचे म्हणणे. मग माझ्या वसतिगृहातल्या मुली कोण?

त्या दिवसापासून मी पाहू लागले. परीक्षेला निघालेली शास्त्र शाखेची विद्यार्थिनी हातावर दही-साखर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडीत नसे. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करी. वहीत 'विद्ये'चे पान जपून ठेवलेले असे. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांना झेंडूची फुले वाहिली जात, आणि दसऱ्याला आपट्याची पाने हातात ठेवून मुली परस्परांना "सोने घ्या" म्हणत. ईद झाली की एखाद्या मैत्रिणीच्या घरून शीरखुर्म्याचा डबा येई आणि तो घटकेत रिकामा होई. शेवटच्या खोलीत भूत असते, ही कथा तर दरवर्षी नव्या मुलींना जुन्या मुली सांगत. हे सारे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. एकीने दुसरीला पाहून उचललेले होते.

या सगळ्यांत मोठा सोहळा भोंडल्याचा. पुण्याकडची मुलगी त्याला भोंडला म्हणे, कोल्हापूरची हादगा म्हणे, आणि विदर्भ-खानदेशातल्या मुली आपली भुलाबाई घेऊन येत. भुलाबाई बसते भाद्रपदी पौर्णिमेला आणि कोजागिरीपर्यंत राहते. भोंडल्याचा संबंध हस्त नक्षत्राशी. म्हणजे आरंभ कधी करायचा इथपासून वाद! शेवटी तोड निघे ती परीक्षेचे वेळापत्रक पाहून. गाण्यांत सासूच्या जागी मला बसवीत आणि सासुरवासाच्या जागी मेसची पातळ आमटी. मी दाराआड उभी राहून ऐके व हसू दाबी.

भगिनींनो, आता जे सांगणार आहे ते सांगताना मला आजही संकोच वाटतो.

हत्ती काढायचा पाट येई तो स्वयंपाकघरातून. तो तेथल्या मावशींचा. खिरापतही त्याच करीत. झाकलेला डबा त्या दाराशी ठेवीत आणि परत फिरत. त्या लहान वयात विधवा झालेल्या होत्या. त्यांना 'येऊ नका' असे कोणी म्हटले नव्हते आणि 'या' असेही कोणी म्हटले नव्हते. अकरा वर्षे मी हे पाहत होते, किंवा पाहत नव्हते म्हणा. माझ्या वहीत कोण काय गाते याची नोंद होती. रिंगणाबाहेर कोण आहे याची नव्हती.

१९९४ साली यवतमाळकडची एक मुलगी प्रथम वर्षाला आली. मावशी डबा ठेवून वळल्या तशी तिने त्यांचा हात धरला. "मावशी, हत्ती तुमच्या पाटावर, खिरापत तुमच्या हातची, आणि तुम्हीच का जाता?" मावशी म्हणाल्या, "आमचं काय गं बाई तिथं!" पण मुलीने हात सोडला नाही. खोलीत सगळ्या गप्प झाल्या. दोघी-तिघींनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत दुसऱ्या मुलीने मावशींचा दुसरा हात धरला आणि फेर सुरू झाला.

थोड्या वेळाने मावशी गाऊ लागल्या. लहानपणी माहेरी म्हटलेली गाणी त्यांना सलग आठवत गेली. त्यांतली पाच माझ्या वहीत नव्हती. ज्यांच्यासाठी मी एस.टी.ने गावोगाव हिंडले ती गाणी माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटीत होती!

मावशी आज हयात नाहीत. गाणी आहेत, कारण त्या मुलींनी ती पुढे नेली.

परंपरा जपा असे आपण म्हणतो. जपायची ती फेर, गाणे, खिरापत. एखादीला दाराबाहेर ठेवणारी रीत जपण्याचे कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने २०२२ सालच्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरविण्यास सांगितले. गावाने जे केले ते आपल्या मंडळाला जड जाऊ नये.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी आपण लवकरच कराल. ती करताना आपल्या आळीतल्या कोणत्या घरी बोलावणे जात नाही, तेवढे एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि बोलावणे नुसते निरोपाने धाडू नये. स्वतः जावे, हात धरून आणावे. अकरा वर्षे मी जे केले नाही ते अठरा वर्षांच्या मुलीने एका क्षणात केले. आपण तर सगळ्या जाणत्या आहोत.