दिवेलागणीनंतरचे बालगृह



आजचा आमचा विषय आहे अनाथ, निराधार आणि वाट चुकलेल्या मुलांचे संगोपन, व ते करणाऱ्या माणसांचे शिक्षण. विषय थोडा रुक्ष वाटेल. ‘बालगृह’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक पाटी, एक फाटक आणि पंधरा ऑगस्टला रांगेत उभी राहिलेली मुले येतात; ‘समाजकार्याचे शिक्षण’ म्हटले की पदवी आणि प्रबंध. ह्या दोन गोष्टींच्या मधे एक मोठी पोकळी राहून गेली आहे, आणि ती पोकळी दिवसा दिसत नाही, दिवेलागणीनंतर दिसते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम कायद्याचा प्रवास पाहू. १८५० साली आपल्याकडे उमेदवारांचा कायदा झाला. पोरक्या व गरीब मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून द्यावे, म्हणजे ती उपद्रवी होणार नाहीत, ही त्यामागील दृष्टी. १८९७ साली सुधारशाळांचा कायदा झाला. गुन्हा केलेल्या मुलाला मोठ्यांच्या तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवावे, असे त्याने सांगितले. १९२४ साली मुंबई इलाख्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १९२७ साली मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. पुढे स्वतंत्र भारतात १९८६, २००० आणि २०१५ असे तीन बालन्यायाचे कायदे आले. ह्या सर्व काळात कायद्याची भाषा पालटत गेली. ‘गुन्हेगार पोर’ गेले आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आले. ‘बेवारशी पोर’ गेले आणि ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आले. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. मुलाचा बंदोबस्त करावयाचा ही कल्पना मागे पडून त्याची काळजी घ्यावयाची ही कल्पना पुढे आली, ही मोठीच मजल आहे.

पण काळजी घ्यावयाची म्हणजे ती कोणी घ्यावयाची?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर १९३६ साली मुंबईत मिळाले. क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकन गृहस्थ नागपाड्यात वस्तीसेवेचे केंद्र चालवीत होते. गिरण्या-गोद्यांच्या कामगारवस्तीत राहून, तेथील माणसांत मिसळून काम करावयाचे, ही त्यांची पद्धत. त्याच केंद्रात त्यांच्या नेतृत्वाखाली टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने समाजकार्याचे शिक्षण देणारी आपल्या देशातील पहिली शाळा सुरू झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली. नंतर मुंबईत १९५५ साली निर्मला निकेतन आणि आपल्या पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था निघाली. नुसत्या दयाबुद्धीने सेवा होत नाही, तिला ज्ञानाची जोड हवी, हा विचार ह्या संस्थांनी रुजविला. १९९६ साली रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनीसेवा टाटा संस्थेच्याच एका प्रकल्पातून जन्मास आली, आणि पुढे ती देशभर पसरली. तेव्हा आम्ही जी उणीव दाखविणार आहोत ती ह्या शिक्षणाबद्दलच्या अनादरातून नव्हे. त्याच शिक्षणाच्या घरात आमची उमर गेली आहे.

आता एक प्रसंग सांगतो. आमच्या पाहण्यातल्या एका बालगृहात सात वर्षांचा एक मुलगा आणला गेला होता. आमची एक विद्यार्थिनी तेथे आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी जात असे. मुलाच्या उशीखाली तीनचार दिवसांच्या वाळक्या पोळ्या सापडल्या. विद्यार्थिनीने टिपणात लिहिले, ‘अन्न चोरून ठेवण्याची सवय, समुपदेशनाची आवश्यकता.’ टिपण नीटनेटके होते. आम्ही ते वाचले, त्यावर बरोबरची खूण केली आणि सही केली.

पुढच्या खेपेस ती गेली तेव्हा त्या खोलीच्या गृहमाता, ज्यांना सारी मुले मावशी म्हणत, तिला म्हणाल्या, “ताई, चोरी कसली हो ती? त्याला उद्याचा भरवसा नाही. आता मीच त्याला रोज निजताना डबीत एक पोळी घालून देते. सकाळी डबी परत मागते. देईल सोडून आपोआप.” आणि खरोखरच काही आठवड्यांनी ती डबी सकाळी भरलेलीच परत येऊ लागली. पुढे एके रात्री मुलगा डबी न घेताच झोपला.

मावशींचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. त्यांचे हे निरीक्षण कोणत्याही कागदावर आले नाही, कारण त्यांच्यासाठी कागदच नव्हता. कागदावर राहिले ते ‘चोरीची सवय’, आणि खाली आमची सही. ती सही आम्हांस अजून टोचते.

परंतु ह्यावरून कोणी असे समजू नये की, माया असली म्हणजे झाले, शिक्षणाची गरज नाही. अंथरूण ओले केले म्हणून मुलाला सकाळी सर्वांसमोर उभे करणारी माणसेही आम्ही पाहिली आहेत. ती दुष्ट नव्हती. त्यांच्या लहानपणी त्यांना तसेच उभे केले होते, एवढेच. भेदरलेल्या मुलाच्या शरीरावर त्याचा ताबा राहत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आणि जेथे दुष्टपणा असतो तेथे तर बाहेरच्या जाणत्या डोळ्याची फारच गरज असते. २०१७-१८ साली बिहारमधील निवासगृहांची पाहणी टाटा संस्थेच्या एका पथकाने केली. त्या पथकाने मुलांशी बोलून त्यांचे म्हणणे अहवालात मांडले, म्हणून मुझफ्फरपूरच्या मुलींवरील अत्याचार उजेडात आले. तेव्हा मावशींची नजर आणि पदवीधराचे ज्ञान ह्यांत निवड करावयाची नाही. ती दोन्ही एका ठिकाणी कशी यावीत, हा प्रश्न आहे.

शास्त्र ह्याबाबत काय म्हणते? दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बी ह्या इंग्रज वैद्याने बेघर मुलांविषयी एक अहवाल लिहिला. तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलाला अन्नवस्त्राइतकीच एका कायमच्या, आपल्या माणसाची गरज असते, हे त्याचे सार. पुढे रुमानियात, बुखारेस्ट येथील संस्थांमधील १३६ तान्ह्या व लहान मुलांवर २००० सालापासून एक दीर्घ अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांतील निम्मी मुले पालनकर्त्या कुटुंबांत दिली गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी व माया लावण्याची शक्ती अधिक सावरली. आणि जी मुले वयाच्या सुमारे दोन वर्षांच्या आत गेली, ती विशेष सावरली. तेव्हा शक्य तेथे मुलाला कुटुंबच मिळावे, हे निर्विवाद आहे. पण ज्या मुलांना आज रात्री कुटुंब नाही, त्यांचे ‘आपले माणूस’ कोण? दुसरे कोणी नाही. ती गृहमाता, तो गृहपिता.

आणि त्यांची संख्या किती? २०१६ च्या केंद्रीय नमुना-नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी गृहमाता अगर गृहपिता चार सांगितले होते. चौघेही एकाच वेळी हजर आहेत असे धरले तरी एकाच्या वाट्याला पंचवीस मुले. पाळ्या लावल्या, कोणाची रजा निघाली, कोणी आजारी पडले, की रात्रीच्या वेळी हा हिशेब कोठे जातो हे आपणच करून पाहावे. आपल्या घरी दोन मुलांना जेवू घालून निजविताना काय होते, ते येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको.

मुलाचा दिवस शाळेत, खेळात, गडबडीत निभावतो. अवघड असते ती संध्याकाळ. घरची आठवण दिवेलागणीला येते. भांडणे जेवणाच्या पंगतीत होतात. भीती दिवा मालवल्यावर वाटते, आणि मनातले खरे बोलणे निघते ते अंथरुणावर पडल्यानंतर. नेमक्या ह्याच वेळी आमचे विद्यार्थी क्षेत्रकार्य आटोपून घरी गेलेले असतात. जी घटका सर्वांत मोलाची, त्या घटकेचे शिक्षणच आम्ही देत नाही. आणि त्या घटकेला जो हजर असतो, त्यालाही आम्ही काही शिकवीत नाही.

हे अशक्य नाही, ह्याचे दोन दाखले देतो. पहिला दूरचा आहे. पोलंडमध्ये वॉर्सा येथे १९१२ साली ज्यू मुलांचे एक अनाथगृह सुरू झाले. यानुश कोर्चाक हे डॉक्टर त्याचे संचालक, आणि रोजचा सारा संसार सांभाळीत स्टेफानिया विल्चिन्स्का. त्या गृहात कोर्चाक ह्यांनी तरुण शिक्षकांसाठी एक वसतिशाळा काढली. विद्यार्थ्यांनी मुलांबरोबरच राहावे, राहण्याजेवणाच्या मोबदल्यात रोज काही तास मुलांचे काम करावे, काय पाहिले ते लिहावे आणि त्यावर वडीलधाऱ्यांशी बोलावे, अशी रीत. संगोपनाचे शिक्षण संगोपनाच्या घरातच. ह्या गृहाशी आपलाही एक धागा आहे. जुलै १९४२ मध्ये, नाझींच्या कोंडवाड्यात उपासमार चालू असताना, तेथल्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. पुढल्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. कोर्चाक आणि स्टेफानियाबाई त्यांच्याबरोबर गेले. मुलांचा हात त्यांनी सोडला नाही.

दुसरा दाखला घरचा आहे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले; अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तेथे थोड्या शिकलेल्या गावच्या बायकांना त्यांनी शिक्षिका म्हणून तयार केले. बाई अल्पशिक्षित आहे म्हणून तिला दूर न सारता, तिच्या हातातल्या कामाभोवतीच तिचे शिक्षण उभे केले. अंगणवाडीला जे साधले, ते बालगृहाला का साधू नये?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, समाजकार्याच्या ज्या विद्यार्थ्याला मुलांच्या क्षेत्रात काम करावयाचे आहे, त्याने निदान काही आठवडे बालगृहात राहावे. वाढावे, निजवावे, रात्री उठावे. दुसरी, गृहमाता व गृहपिता ह्यांच्यासाठी मराठीतून, त्यांचे काम चालू असतानाच, पद्धतशीर शिक्षण असावे; त्याला प्रमाणपत्र, बढती आणि पोटापुरते वेतन जोडलेले असावे, आणि मुलाच्या कागदपत्रांत त्यांच्या निरीक्षणाला जागा असावी. तिसरी, ही माणसे वरचेवर बदलू नयेत. मुलाच्या आयुष्यातून एकदा माणसे गेलेलीच आहेत. ती पुन्हा पुन्हा जाता कामा नयेत.

ह्याचा कस अठराव्या वर्षी लागतो. त्या वाढदिवशी मुलगा कायद्याने सज्ञान होतो, आणि बालगृहाचे दार त्याच्यामागे लागते. अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. ती साधारणतः एकविसाव्या, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत चालते, आणि दरमहा ४,००० रुपयांची तरतूद २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’च्या सूचनांत आहे. पैसा हवाच. पण नोकरी सुटली, ताप आला, लग्न ठरले, तर सांगावयाचे कोणाला? ज्याला फोन लावावा असे एक तरी माणूस त्या गृहात घडले असेल, तर तो मुलगा तरतो.

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपण वाढदिवसाला बालगृहात मिठाई नेतो, छायाचित्र काढतो आणि समाधानाने परततो. मुले त्या दिवशी गोड खातात आणि आणखी एक अनोळखी माणूस येऊन गेलेला पाहतात. त्यापेक्षा रीतसर परवानगी घेऊन दर आठवड्याला एक तास, तोच वार, तीच वेळ, वर्षभर गणित शिकवावयास जावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी प्रतिपालकत्वाचा विचार करावा.

ह्याच पुण्यात १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या एका विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. ते यशवंतराव पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत असताना गेल्या. त्यांच्यापाशी ह्या विषयाची पदवी नव्हती, कारण तेव्हा ती कोठेच नव्हती. आज पदवी आहे, ग्रंथ आहेत, कायदा आहे. आता ते ज्ञान दिवेलागणीनंतर मुलांपाशी बसणाऱ्या माणसाच्या हाती पोहोचले पाहिजे. ते पोहोचविण्याचे काम आमच्यासारख्या शिक्षकांचे आहे, आणि ते झाले की नाही हे विचारण्याचे काम आपले.